आई-बाबा, ती हाक तुमची होती

ऐरोली, नवी मुंबई

प्रिय आई आणि बाबा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

ऐरोलीहून ठाणे लोकलने हाकेच्या अंतरावर आहे, तरीही मी पत्र लिहीत आहे, कारण समोर बसलो की बाबा बोलत राहतात, आई डोळे पुसते आणि मी चहा संपवून उठतो. गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर बाबांनी चर्चच्या पाळकसाहेबांना आणि पंचांना सांगून टाकले की पाळक होण्याच्या शिक्षणासाठी मी सेमिनरीचा अर्ज भरतो आहे. दोघा-तिघांनी माझा हात हातात घेऊन प्रभूची स्तुती केली. त्या वेळी मी गप्प राहिलो, ही माझी चूक झाली. पाळक होण्याचे पाचारण, म्हणजे देवाची हाक, मला झालेले नाही, हे तेव्हाच सांगायला हवे होते.

आई, तुझा नवस मी विसरलेलो नाही. मी सातव्या महिन्यात जन्मलो आणि वाचेन असे कोणाला वाटत नव्हते, तेव्हा आजोबांच्या पवित्र शास्त्रात, पहिल्या शमुवेलाच्या पहिल्या पानाच्या समासात, तू निळ्या शाईने माझी जन्मतारीख आणि खाली 'प्रभूला दिला' असे लिहिलेस. शमुवेलाची आई हन्ना हिने मूल देवाला वाहिले, तेच तू केलेस. पण हन्नाच्या नवसाने शमुवेल शिलोच्या मंदिरापर्यंत पोहोचला, एवढेच. तो तिथला याजक एली याच्या हाताखाली सेवा करत होता, तरी त्याला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती, असे तिसऱ्या अध्यायात स्पष्ट लिहिले आहे. हाक नंतर आली, रात्री, त्याच्या स्वतःच्या नावाने. ती तीनदा आली आणि तिन्ही वेळा तो एलीकडे धावत गेला, कारण देवाचा आवाज त्याला वडीलधाऱ्याचा वाटला. माझ्या बाबतीत नेमके उलटे घडेल अशी मला भीती वाटते. तुमचा आवाज इतकी वर्षे आणि इतक्या मायेने माझ्या कानात आहे की तोच देवाचा समजून मी निघून जाईन, आणि मग माझ्या हाती सोपवलेल्या मंडळीला, म्हणजे चर्चच्या लोकांना, त्याचे मोल द्यावे लागेल.

त्याच शिलोत एलीचे मुलगे हफनी आणि फिनहासही होते. याजकाच्या घरी जन्मले म्हणून ते याजक झाले, आणि लोकांच्या अर्पणाचे मांस शिजत असतानाच त्यांचा माणूस त्यात त्रिशूळ खुपसून वाटा उचलत असे. पुढे शमुवेलानेही म्हातारपणी आपल्या मुलांना न्यायाधीश नेमले आणि ते लाच खाऊ लागले. म्हणून, बाबा, 'आजोबांनंतर आपल्या घरात पाळक झाला नाही' ही तुमची खंत मला कळते, तुम्हाला स्वतःला जायचे होते आणि धाकट्या भावंडांच्या शिक्षणापायी राहून गेले हेही कळते, पण त्या खंतीला पाचारण म्हणता येणार नाही.

ठाण्याची गोष्ट तुम्ही नेहमी सांगता. फ्रान्सिस्कन संघाचे थॉमस आणि त्यांचे तीन सोबती चीनकडे निघाले होते, जहाजाने त्यांना ठाण्यात आणले आणि १३२१ साली ते येथेच मारले गेले. पुढे त्याच संघाच्या ओडोरिकने त्यांची हाडे चीनला नेली. वाट कुठे नेईल हे विचारू नये, असे तुम्ही त्यावरून सांगता. मला ते मान्य आहे. फक्त ते जहाजात स्वतः होऊन चढले होते, हे त्यातून गाळू नका.

आतली खात्री आणि मंडळीची साक्ष अशा दोन्ही गोष्टी लागतात, हे मला आजोबांनीच शिकवले. अंत्युखियात बर्णबा आणि शौल यांना वेगळे करा असे आत्म्याने सांगितले ते मंडळी उपासना व उपास करत असताना, आणि त्यांच्यावर हात ठेवले ते मंडळीनेच. माझ्याबाबत मंडळीची साक्ष आहे असे तुम्ही म्हणाल, पण ती साक्ष बाबांनी आधी घोषणा केल्यावर मिळालेली आहे. आणि आत काहीच नाही. पेत्र मंडळीच्या वडीलधाऱ्या सेवकांना कळपाचे पालन भाग पडते म्हणून नव्हे, तर स्वखुशीने करायला सांगतो. तीमथ्याच्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाच्या अंगी असायला हव्यात अशा गोष्टींची यादी आहे, तीत कसब म्हणावे असे जवळजवळ एकच आहे, शिकवण्याचे. बाकी सगळा स्वभाव आणि वागणूक. माझ्याकडे ते एक कसब थोडेफार आहे आणि लोक त्यालाच भुलले आहेत.

आजोबांकडे काय होते ते मी नऊ वर्षांचा असताना राहुरीजवळच्या एका वस्तीवर पाहिले. ज्या घरी मूल गेले होते तेथे ते मला घेऊन गेले. त्यांनी शास्त्र उघडले नाही. बराच वेळ उंबऱ्याशी बसले, मग उठून पाहिले तर रांजण कोरडा होता, तेव्हा घागर घेऊन विहिरीवर गेले आणि दोन खेपा करून तो भरला. त्यानंतर त्या बाईने तोंड उघडले. गेल्या महिन्यात आपल्या मंडळीतील एका आजारी काकांना भेटायला मी रुग्णालयात गेलो होतो. प्रार्थना मी नीट केली, पण त्या अर्ध्या तासात तीनदा घड्याळ पाहिले, आणि तिसऱ्यांदा ते काकांनी पाहिले.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला आणि लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधली पाच वर्षे त्या माणसाची निष्ठा घरातल्या सर्वांत जवळच्या माणसालाही उसनी घेता आली नाही. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी. पौलाने करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवले, म्हणून महापे येथील माझ्या नोकरीला मी कमी प्रतीची सेवा मानत नाही. संडे स्कूलची मोठी मुले आणि मंडळीचे हिशेब मी सोडणार नाही. त्या कामात मला कंटाळा येत नाही, आणि ही गोष्ट मी आता गंभीरपणे घेऊ लागलो आहे.

एलीचे एक काम मात्र मला तुमच्याकडून हवे आहे. मुलगा तिसऱ्यांदा धावत आला तेव्हा एली म्हणाला, जा, निजून राहा, आणि पुन्हा हाक आली तर म्हण, 'हे परमेश्वरा, बोल, तुझा दास ऐकत आहे'. त्याने देवाच्या जागी स्वतः उत्तर दिले नाही. रविवारी उपासनेआधी मी घरी येईन. आपण तिघे मिळून पाळकसाहेबांकडे जाऊ आणि बोलेन मी. अर्ज माझ्या कपाटात आहे, कोरा. फाडलेला नाही.

तुमचा मुलगा