सुचलेले टिपून घेणारे कुणी हवे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शिक्षकी पेशातून निवृत्त झाल्यावरही लिहू पाहणारी मुले माझ्याकडे येतात आणि बहुतेकांची तक्रार एकच असते, "सर, इथं राहून काही सुचतच नाही." पुण्या-मुंबईला गेल्याशिवाय, निदान तोरणमाळला चार दिवस राहून आल्याशिवाय लिहिण्याजोगे काही हाती लागत नाही, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. ती ऐकून मला फार वाईट वाटते.

१८८० साली असोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हते आणि त्यांची गाणी दळताना, वावरात राबताना त्यांच्या तोंडून निघत, हे आपण खान्देशी माणसे अभिमानाने सांगतो. पुढची गोष्ट मात्र सांगायची राहून जाते. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि घरातील मंडळींनी ती गाणी उतरवून ठेवली, म्हणूनच १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्यानंतर पुढच्याच वर्षी ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे येऊ शकली. ज्या घरांत असे उतरवून घेणारे कुणी नव्हते, तिथली किती गाणी जात्याच्या घरघरीतच विरून गेली असतील! आणि सुचण्यासाठी गाव सोडावे लागत नाही, हेही इथेच दिसते. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांनी तर अनेक दशके घराबाहेर क्वचितच पाऊल टाकले आणि टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंतून अख्खी निसर्गदृश्ये उभी करून त्यांची छायाचित्रे काढली.

माझे स्वतःचे सांगतो. उन्हाळ्यात आमच्या घरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, होत, तेव्हा पहाटेच चुलीवर ज्वारीचा घाटा रटरटू लागे आणि आम्ही पोरे वाटीतल्या गरम घाट्यावर कच्चे तेल घालून तो खात बसायचो. आई खाटेवर अंथरलेल्या ओल्या धोतरावर पाण्याच्या हाताने बिबडे थापायची आणि थापता थापता माहेरावर, उन्हावर, न आलेल्या भावावर ओळी जुळवायची. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो आणि खिशाला पेन असायचे, पण त्यातली एकही ओळ मी कधी लिहून घेतली नाही. आज मला फक्त चाल आठवते.

याहून मोठी चूक पुढे वर्गात झाली. सातवीतल्या एका मुलीने निबंधात 'माय वावरात कापूस वेचत होती, तिच्या बोटांना बोंडाची टोके लागून रक्त आले होते' असे लिहिले होते. मी 'माय' आणि 'वावर' हे शब्द लाल शाईने खोडून 'आई' आणि 'शेत' असे केले. त्यानंतर तिचे निबंध अगदी शुद्ध येऊ लागले, पण त्यांत तिची माय परत दिसली नाही. अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलाला त्याचे पाहणे त्याच्याच शब्दांत मांडू दिले नाही, तर त्याला सुचणार तरी काय?

म्हणून आपणास कळकळीची विनंती आहे की, आपल्या दैनिकात आठवड्यातून एकदा अर्धा स्तंभ अशा टिपणांसाठी राखून ठेवावा. तिथे नामवंतांच्या कविता नकोत. भाकरी थापताना, केळीचे घड उतरवताना, कापूस वेचताना कुणी जे बोलले वा गुणगुणले, ते घरच्या शिकल्या-सवरलेल्या मुलाने ऐकले तसे, त्याच बोलीत लिहून पाठवावे आणि आपण ते शुद्ध न करता छापावे. शिक्षक बंधू-भगिनींनीही आठवड्यातली दहा मिनिटे, गुण न देता, मुलांना घरी ऐकलेले लिहू द्यावे.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोक्यावर गाणी होतात, तेव्हा या स्तंभाची सुरुवात त्या सुमारास व्हावी असे वाटते. आमच्या शेजारच्या आजींनी जात्यावरच्या तीन ओव्या मला परवा सांगितल्या. त्या त्यांच्या परवानगीने लिहून ठेवल्या आहेत. आपला होकार आल्यास लगेच पाठवीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
ता. चोपडा, जि. जळगाव