आधी कापलं जातं ते जेवण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या पगारापासून गुंतवणूक कशी करावी, हे तरुणांना सांगणारे लेख आपल्या पुरवणीत अधूनमधून येतात. मी ते वाचते. पण माझ्याकडे जेवणाऱ्या पोरांचा पहिला पगार अजून तीन-चार वर्षं लांब आहे. मी नागपुरात नंदनवनात मेस चालवते. चाळीसेक मुलं-मुली, बहुतेक गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, यवतमाळकडची. त्यांच्याकडे पैसा कमी असतो हे खरंच, पण जास्त त्रास होतो तो पैसा वेळेवर न आल्यानं. त्यावर कोणी लिहिलेलं वाचनात आलं नाही, म्हणून हे पत्र.

मेसचे पैसे पाच तारखेच्या आत आगाऊ घ्यायचे, हा आमच्या धंद्याचा रिवाज. दोन्ही वेळचे बत्तीसशे, एका वेळचे अठराशे. वहीत कोणाच्या नावापुढचं ‘दोन्ही’ खोडून ‘एक वेळ’ लिहावं लागलं की त्याचा हिशेब बिघडल्याचं मला त्याच्या आईआधी कळतं. खोलीचं भाडं थकलं तर घरमालक दारात उभा. परीक्षेचा फॉर्म उशिरा भरला तर दंड. रिचार्ज संपलं तर नोट्स मिळत नाहीत. राहता राहिलं जेवण. विचारलं की उत्तर ठरलेलं, “काकू, सकाळी भूकच लागत नाही.” अन् दहा वाजता चौकात तर्रीपोह्यांच्या ठेल्यावर हाच पोट्टा जास्तीची तर्री मागताना दिसतो. पोहे स्वस्त, तर्री फुकट. त्यावर संध्याकाळपर्यंत ओढायचं.

घरून पैसा येतो तो पिकाच्या हिशेबानं. सोयाबीन दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास निघतं, कापूस त्यानंतर, धानाचे पैसे हाती पडेपर्यंत डिसेंबर उजाडतो. अन् प्रवेशाची फी, खोलीचं डिपॉझिट, पुस्तकं हे सगळं जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे बाप बियाणं अन् खतासाठी स्वतःच उधारी करत असतो तेव्हा. आपलं नागपूर विद्यापीठ १९२३ सालचं, शंभरी ओलांडलेलं. एवढ्या वर्षांत शेतकऱ्यांच्या किती पिढ्यांची पोरं इथं शिकून गेली, तरी फीचे हप्ते दिवाळीनंतर घेऊ, असं सगळ्या कॉलेजांना अजून सुचलेलं नाही.

शिष्यवृत्त्या आहेत, नाही असं नाही. अनुसूचित जातीच्या मुलांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, तिची उत्पन्नाची अट अडीच लाखांची. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची फीची योजना आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला. मुलींना २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांत ठरावीक प्रवर्गांसाठी शिक्षण शुल्क पूर्ण माफ झालं, ते फार चांगलं झालं. पण माफ झालेल्या फीनं पोट भरत नाही. मेस अन् खोलीचे पैसे रोख मोजावेच लागतात. महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरला की तो आधी कॉलेजच्या लॉगिनमध्ये, मग समाजकल्याणच्या. उत्पन्नाचा दाखला धूसर दिसतो म्हणून अर्ज परत आला, तर पोरीला ते कधी कळतं? ती स्वतःहून सायबर कॅफेत जाऊन बघेल तेव्हा.

माझ्याकडच्या एका मुलीचं सांगते. अर्ज मंजूर, यादीत नाव, पण खात्यात छदाम नाही. दिवाळीपासून होळीपर्यंत ती एकाच वेळी जेवली. शेवटी माझ्या भाच्यानं आधारच्या संकेतस्थळावर तिचं बँक सीडिंग, म्हणजे आधार कोणत्या बँकेला जोडलंय ते, तपासलं, तर आधार भलत्याच बँकेला जोडलेलं! गावात सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा घेऊन एक खातंही उघडून टाकलं होतं. सरकारचा पैसा पासबुकवरच्या खात्यात नाही, आधार शेवटी ज्या बँकेला जोडलं त्या खात्यात जातो. शिष्यवृत्ती कधीचीच तिथं येऊन पडली होती. दोन मिनिटांचं काम. प्रवेशाच्या दिवशी खिडकीवरच्या बाबूनं ते केलं असतं तर?

या मधल्या रिकाम्या महिन्यांतच पोरं फसतात. मोबाइलवरच्या कर्जाची हाव नसते त्यांना, पाच तारीख गाठायची असते. कर्ज देणाऱ्या ॲपनं फोनमधल्या नंबरांना हात लावू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. कोणी वसुलीसाठी नातेवाइकांना फोन करतो म्हणाला, तर तो नियम मोडतोय एवढं ओळखावं अन् सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी. त्याहून वाईट म्हणजे खातं भाड्यानं देणं. “पासबुक, एटीएम अन् सिम दे, महिन्याला पाच हजार घे,” असं सांगणारे रूमवर येतात. त्या खात्यातून कोणाच्या तरी फसवणुकीचा पैसा फिरतो, पोलीस येतात पोराच्या दारात, खातं गोठतं अन् शिष्यवृत्तीही त्यातच अडकते. शेअर बाजारातल्या फ्यूचर-ऑप्शनच्या सट्ट्याचं वेडही मेसच्या टेबलावर ऐकते मी. तीन वर्षांत शंभरातल्या ९३ जणांनी त्यात पैसे घालवले, हे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनंच २०२४ मध्ये सांगितलंय. कागद कापून भिंतीला लावलाय, जेवताना दिसतो.

मी माझ्यापुरतं एक करते. दिवाळीनंतर घरून पैसे आले किंवा लग्नसराईत लॉनवर वाढप्याचं काम करून चार पैसे मिळाले, की माझ्याकडे पाचशे-हजार जादा जमा करायचे. वहीत वेगळं पान असतं, त्यावर पोराची सही. जून-जुलैत ते मेसच्या पैशात वळते होतात. ज्याला नको, त्याला परत. व्याज नाही बाप्पा, मी काही बँक नाही. पण ज्याचं एका महिन्याचं जेवण जमा आहे, तो पोट्टा पाच तारखेला कोणासमोर हात पसरत नाही अन् रात्री अभ्यासाला बसतो, एवढं मी बघितलंय.

कॉलेजांकडे माझं मागणं मोठं नाही. शिष्यवृत्तीचे कोणते अर्ज मंजूर, कोणते अडकलेले, कोणते परत आलेले, याचा निरोप दर महिन्याच्या एक तारखेला ज्या-त्या मुलाच्या मोबाइलवर जाऊ द्या. अर्ज परत आला असेल तर कोणता कागद कमी पडला तेही त्यातच लिहा. अन् ज्यांची शिष्यवृत्ती मंजूर होऊन रक्कम यायची आहे, त्यांचा परीक्षेचा फॉर्म फीसाठी अडवू नका.

आपली,
एक मेसचालक, नंदनवन, नागपूर