निवडून आलेल्या एका न्यायमूर्तींची तीस वर्षे

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकाने कॉलेजियम पद्धतीवर सडकून टीका केली आणि शेवटी उपाय सुचवला की, आमदार-खासदारांप्रमाणे न्यायाधीशही लोकांनीच निवडून द्यावेत, म्हणजे ते लोकांना उत्तरदायी राहतील. टीकेचा भाग मला बराचसा मान्य आहे. न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायचे आणि कोणाला का घेतले, कोणाला का वगळले हे बाहेर धड कळू द्यायचे नाही, ही रीत चांगली आहे असे चौतीस वर्षे न्यायालयाच्या कचेरीत काढूनही मला म्हणवत नाही. परंतु उपायाचे म्हणाल तर तो नवा नाही. अमेरिकेतील टेक्सस राज्यात १८७६ च्या राज्यघटनेपासून तो चालू आहे, आणि तिथल्या एका न्यायमूर्तींची कारकीर्द पत्रलेखकांनी जरूर पाहावी असे मला वाटते. माझी मुलगी ह्यूस्टनला राहते. तिच्याकडे जाणेयेणे असल्यामुळे, आणि जन्मभराची खोड म्हणूनही, तिथल्या कोर्टाच्या बातम्या मी वाचत आलो आहे.

टेक्ससमध्ये सर्वोच्च न्यायालये दोन आहेत. दिवाणी दाव्यांचे शेवटचे अपील तिथल्या सुप्रीम कोर्टाकडे जाते आणि फौजदारी खटल्यांचे ‘कोर्ट ऑफ क्रिमिनल अपील्स’कडे. हे दुसरे न्यायालय नऊ जणांचे असून प्रत्येक जण सहा वर्षांसाठी, पक्षाच्या तिकिटावर, साऱ्या राज्याच्या मतदानातून निवडून येतो. फाशीची शिक्षा झाली की अपील मधले टप्पे ओलांडून थेट या न्यायालयात येते. याच न्यायालयावर शॅरन केलर १९९४ मध्ये रिपब्लिकन पक्षाकडून निवडून आल्या. तेथे निवडून आलेल्या त्या पहिल्या महिला होत. जन्म डॅलसचा, पदवी तत्त्वज्ञानाची, नंतर कायद्याचे शिक्षण आणि डॅलसच्या सरकारी वकिलांच्या कार्यालयात नोकरी. वडिलांची हॅम्बर्गरची दुकाने डॅलसमध्ये प्रसिद्ध आहेत. खटल्याकडे आपण सरकारपक्षाच्या बाजूने पाहतो हे त्यांनी प्रचारात लपवले नव्हते, आणि मतदारांनाही त्यात काही वावगे वाटले नाही. २००० मध्ये त्या मुख्य न्यायमूर्तिपदासाठी उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या.

त्याआधीच, १९९८ मध्ये, त्यांच्या एका निकालाने राज्याबाहेरही चर्चा ओढवून घेतली होती. रॉय क्रायनर नावाचा लाकूडतोड्या सोळा वर्षांच्या मुलीवरील बलात्काराच्या आरोपाखाली १९९० पासून ९९ वर्षांची शिक्षा भोगत होता. पुढे डीएनए चाचणी झाली आणि सापडलेले वीर्य त्याचे नाही असे निष्पन्न झाले. खालच्या न्यायाधीशांनी खटला नव्याने चालवावा अशी शिफारस केली. केलर यांनी बहुमताचा निकाल लिहून ती फेटाळली. नवा पुरावा ज्युरीसमोर असता तरी निकाल बदलला नसता, आरोपीने निरोध वापरला असू शकेल, अशी ती मांडणी होती. दोन वर्षांनी घटनास्थळी सापडलेल्या सिगारेटच्या थोटकाचीही चाचणी झाली, तीही क्रायनरशी जुळली नाही, आणि त्या वेळचे गव्हर्नर जॉर्ज बुश यांनी त्याला माफी देऊन सोडले. त्याच वर्षी केलर मुख्य न्यायमूर्ती म्हणून निवडून आल्या, हे वर सांगितलेच.

आता २५ सप्टेंबर २००७ हा दिवस. मायकेल रिचर्ड हा बलात्कार आणि खुनाच्या गुन्ह्यातील कैदी. हंट्सव्हिलच्या तुरुंगात त्या संध्याकाळी सहानंतर विषारी इंजेक्शनने त्याला मृत्युदंड दिला जाणार होता. त्याच दिवशी सकाळी वॉशिंग्टनमधील अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने केंटकी राज्यातील एका प्रकरणात, ही इंजेक्शनची पद्धत घटनेला धरून आहे की नाही, हे तपासायचे मान्य केले. रिचर्डच्या वकिलांना त्या आधारे स्थगिती मागायची होती, पण कागद तयार व्हायला वेळ लागत होता. संगणक बिघडला असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी न्यायालयाच्या कचेरीला विनंती केली की पाचनंतर थोडा वेळ खिडकी उघडी ठेवावी. केलर दुरुस्तीच्या कामासाठी येणाऱ्या माणसाकरिता घरी गेल्या होत्या. पावणेपाचच्या सुमारास न्यायालयाच्या विधी अधिकाऱ्याने त्यांना फोन केला, आणि कचेरी पाचला बंद होते, या त्यांच्या उत्तरावर विषय संपला. त्या रात्रीच्या मृत्युदंडाचे काम ज्यांच्याकडे नेमून दिले होते त्या न्यायमूर्ती शेरिल जॉन्सन अर्ज येईल म्हणून थांबलेल्या होत्या. त्यांना या फोनची खबरही नव्हती. राज्याच्या न्यायालयाचा कसलाच निर्णय हातात नसताना वकिलांनी वॉशिंग्टनला केलेली धडपड फुकट गेली. रात्री आठ वाजून तेवीस मिनिटांनी रिचर्ड मरण पावला. दोनच दिवसांनी टेक्ससमधल्याच दुसऱ्या एका कैद्याला त्याच मुद्द्यावर वॉशिंग्टनहून स्थगिती मिळाली.

रिचर्डविषयी मला कणव वाटते असे नाही. सात मुलांच्या आईला त्याने मारले होते, आणि अर्ज वेळेवर आला असता तरी अखेरीस त्याची शिक्षा टळली असती असे कोणी म्हणू शकणार नाही. माझा जीव अडकतो तो त्या खिडकीपाशी. आमच्या जिल्हा न्यायालयात मी फायलिंगला असताना एकदा ऐन पावसाळ्यात, वेळ उलटल्यावर, एक नवखा वकील भिजलेली फाईल छातीशी धरून आला. एसटी घाटात अडकली होती, आणि सकाळी सातला त्याच्या अशिलाच्या घरावर बुलडोझर येणार होता. मी दप्तर बांधून टाकले होते. खरे सांगायचे तर मला घरी जायची घाई होती, आणि मी त्याला ‘उद्या या’ असे म्हणूनही बसलो होतो. पण सांगावे तरी म्हणून चेंबरमध्ये गेलो. साहेबांनी कोट आणि गळ्याचा बँड काढून ठेवला होता. त्यांनी एवढेच विचारले, ‘‘उद्या घर उभं असेल का?’’ आणि कागद मागवून घेतले. त्यांनी स्थगिती दिली की नाही हा वेगळा प्रश्न आहे. दिली नव्हती, अर्जात दम नव्हता. पण अर्ज वाचला गेला. सुट्टीच्या दिवशी रिमांडचे काम न्यायाधीशांच्या बंगल्यावर चालते हे आपल्याकडे कोणत्याही कोर्ट कारकुनाला ठाऊक असते. याकूब मेमनचे उदाहरण तर सर्वांना आठवत असेल. ३० जुलै २०१५ रोजी नागपूरच्या कारागृहात त्याला सकाळी फाशी व्हायची होती, आणि दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने पहाटे तीननंतर दार उघडून त्याचा शेवटचा अर्ज ऐकला. पाचच्या सुमारास तो फेटाळला गेला आणि सातच्या आत फाशी झाली. ते तिघे न्यायमूर्ती कोणाच्या मतांवर निवडून आलेले नव्हते; उलट लोकमताचा कौल घेतला असता तर त्या पहाटे कोणीही दार उघडू दिले नसते, असे मला वाटते.

टेक्ससमध्ये पुढे काय झाले हेही सांगितले पाहिजे, नाहीतर केलरबाईंवर अन्याय होईल. २००९ मध्ये राज्याच्या न्यायिक वर्तणूक आयोगाने त्यांच्यावर आरोप ठेवले. सॅन अँटोनिओत चौकशी झाली. चौकशी करणाऱ्या न्यायाधीशांनी म्हटले की त्यांचे वागणे आदर्श नव्हते, परंतु अधिक दोष रिचर्डच्या वकिलांचा होता, कारण अर्ज थेट एखाद्या न्यायमूर्तीच्या हातात देण्याची सोय नियमांत होती आणि ती त्यांनी वापरली नाही. हे म्हणणे मला बरेचसे पटते. आयोगाने तरीही जुलै २०१० मध्ये जाहीर ताकीद दिली. ऑक्टोबरमध्ये विशेष न्यायपीठाने ती रद्द केली, आणि तीही अशा कारणाने की औपचारिक कारवाईनंतर ताकीद देण्याचा अधिकारच आयोगाला नव्हता. म्हणजे चूक झाली की नाही हा प्रश्न तसाच राहिला. दरम्यान वीस लाख डॉलरांहून अधिक मालमत्ता विवरणपत्रात दाखवली नाही म्हणून नीतिमत्ता आयोगाने त्यांना एक लाख डॉलर दंड केला होता. मालमत्ता वडिलांनी केलर यांच्या नावे घेतली होती असा त्यांचा खुलासा होता, आणि पुढे तडजोडीत दंड २५ हजारांवर आला. जमेच्या बाजूला हेही लिहिले पाहिजे की गरीब आरोपींना सरकारी खर्चाने वकील मिळावा यासाठी राज्याने जी यंत्रणा उभी केली तिचे अध्यक्षपद त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळले, आणि ते काम त्यांनी मनापासून केले असे त्यांचे विरोधकही मान्य करत.

पत्रलेखकांच्या मते आता मतदार हिशेब मागणार. २०१२ मध्ये ती संधी आली, आणि केलर निवडून आल्या. २०१८ मध्ये पुन्हा आली, आणि त्या पुन्हा निवडून आल्या. त्या २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये मी मुलीकडे होतो. तिने घरी छापून आणलेली नमुना मतपत्रिका जेवणाच्या टेबलावर पसरली होती. गव्हर्नर, सिनेटर यांची नावे वर, आणि मग खाली न्यायाधीशच न्यायाधीश : जिल्ह्याचे, काउंटीचे, कुटुंब न्यायालयाचे, मृत्युपत्रांच्या न्यायालयाचे, अपिलांचे. मी चष्मा लावून मोजू लागलो आणि मध्येच सोडून दिले. यांतल्या किती जणांचे निकाल तू वाचलेस, असे मी तिला विचारले. ती हसली आणि म्हणाली, ‘‘बाबा, तिथे सगळ्यात वर पक्षाचा एकच चौकोन असतो, तो दाबला की पुढचं सगळं आपोआप होतं.’’ ती सोय २०२० पासून बंद झाली आहे. परंतु १९९४ नंतर टेक्ससमध्ये राज्यव्यापी पदावर डेमोक्रॅटिक पक्षाचा एकही उमेदवार निवडून आलेला नाही. तेव्हा नोव्हेंबरच्या मतदानाला न्यायमूर्तीने घाबरण्याचे कारण नव्हते. घाबरायचे ते मार्चमध्ये पक्षांतर्गत होणाऱ्या प्राथमिक निवडणुकीला, आणि तिथे मोजकेच लोक मत देतात.

केलर हरल्या त्या याच प्राथमिक निवडणुकीत, आणि हरण्याचे कारण २००७ मधली ती बंद खिडकी नव्हती. डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्या न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल दिला की, निवडणूक गुन्ह्यांचे खटले स्थानिक सरकारी वकिलांना वगळून स्वतःहून चालवण्याचा अधिकार राज्याच्या ॲटर्नी जनरलना, म्हणजे सरकारच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याला, देणारा १९५१ चा कायदा घटनाबाह्य आहे, कारण ॲटर्नी जनरल कार्यकारी शाखेत मोडतात आणि खटला चालवणे हे राज्यघटनेने न्यायशाखेतील वकिलांकडे सोपवले आहे. निकाल बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण तो देणारे आठही जण ॲटर्नी जनरल केन पॅक्स्टन यांच्याच पक्षाचे होते, आणि निकाल पक्षाच्या सोयीचा नव्हता, एवढे निश्चित. न्यायाधीशाकडून आपण जी अपेक्षा ठेवतो ती नेमकी ही. पॅक्स्टन यांनी मग उघडपणे मतदारांना सांगितले की, ज्यांची मुदत संपत आहे त्या तिघींना घरी पाठवा. ५ मार्च २०२४ च्या मतदानात केलर, बार्बरा हर्व्ही आणि मिशेल स्लॉटर या तिन्ही न्यायमूर्ती हरल्या. केलर यांच्या जागी डेव्हिड शेंक आले. केलर यांची तीस वर्षांची कारकीर्द ३१ डिसेंबर २०२४ रोजी संपली.

त्या मार्चमध्ये मी मुलीला फोन करून विचारले की केलरबाई पडल्या म्हणे, काही कळले का. तिने सांगितले की त्या तिघींची नावे लिहिलेली दोन-तीन चकचकीत पत्रके तिच्या पोस्टपेटीत आली होती, आणि त्यांवर निवडणूक गैरप्रकारांविषयी मोठ्या अक्षरांत बरेच काही होते. रिचर्डचे नाव तिने पहिल्यांदा माझ्या तोंडून ऐकले. ती तिथे मतदार होऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा