बामणोलीच्या बोटवाल्या काकांना

काका, सा. न. वि. वि.

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून पत्र असं उघडंच लिहितेय. मार्चमधल्या एका मंगळवारी भर दुपारी धक्क्यावर उतरून "वासोटा किल्ल्याला सोडता का?" विचारणाऱ्या मायलेकी आम्ही. "आता जाऊन यायला अंधार पडंल, फॉरेस्टवाले सोडायचे न्हाईत," असं तुम्ही सरळ सांगितलंत. दुसरा कुणी असता तर गिऱ्हाईक बसवून घेतलं असतं.

लेकीला लाल झाडं बघायची होती. काश्मीरच्या चिनारांचा फोटो बघितल्यापासून तिचा एकच धोशा, आणि काश्मीर आमच्या खिशाच्या पलीकडचं. आदल्या रविवारी वाईवरून महाबळेश्वरला निघालो, तर पसरणी घाटात दोन तास गाडीमागं गाडी. लाल दिसले ते पुढच्या गाड्यांचे दिवे.

हे ऐकून तुम्ही हसलात. "आपल्याकडची पानं गळताना नुसती वाळत्यात ओ ताई. नवी फुटत्यात तवा बघायची." आणि बोट वासोट्याकडं न नेता काठाकाठानं नेलीत.

कोयना धरणाच्या शिवसागरचं पाणी उतरलेलं. तांबड्या मातीचा उघडा पट्टा चढून वर गेलो, लेकीची एक चप्पल चिखलात रुतली ती तुम्हीच काढलीत. वर तीन झाडं. एक लालभडक, एक तांबूस, एक पोपटी. मला वाटलं तीन जाती असतील. "तिन्ही कोशिंबच. आठ-धा दिवसांचं मागंपुढं." आम्ही पुस्तकात त्याला कुसुंब म्हणतो, पण तुम्ही 'कोशिंब' म्हणालात तेच आता घरात रूढ झालंय. तुम्ही एक खालची फांदी न मोडता वाकवून धरलीत. पानं ओल्या रुमालासारखी मऊ, देठापासून लोंबणारी. उन्हासमोर धरल्यावर आरपार लाल, आणि शिरा तेवढ्या फिक्या. लेकीनं गालाला लावून बघितलं. तुमच्या वडिलांच्या काळी तेलाच्या घाण्याला याचंच लाकूड लागायचं, हेही तिथंच कळलं.

घरी आल्यावर वाचलं. चिनाराचं हिरवं द्रव्य शरद ऋतूत ओसरतं आणि पान रंगतं. कोशिंबाच्या कोवळ्या पानात ते अजून पुरतं भरलेलंच नसतं. अँथोसायनिन नावाचं लाल द्रव्य आधी येतं आणि कोवळ्या पानाला कडक उन्हापासून जपतं, असं म्हणतात. म्हणजे तुमचं म्हणणं खरं, फक्त वेगळ्या भाषेत.

तासाभरात दुसरी बोट दिसली नाही. येताना फुलांच्या कास पठारावर थांबलो, तर वाळलेलं गवत आणि काळा कातळ. २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं हेच पठार सप्टेंबरात माणसांनी फुललेलं असतं. मार्चमध्ये तिथं कुणी थांबत नाही, आणि खाली दरीत झाडं पेटलेली असतात. सातारच्या आम्हा लोकांना हे बाहेरून आल्यासारखं सांगावं लागलं, याची जरा लाज वाटली.

भाडं ठरलं होतं तेवढंच घेतलंत, त्याबद्दलही आभार. आणि उन्हाचं म्हणून लेकीच्या डोक्यावर ठेवलेली तुमची पांढरी टोपी आमच्याकडेच राहिलीय. धुऊन, इस्त्री करून ठेवलीय. येत्या फाल्गुनात घेऊन येतो.

तुमची,
सातारची ताई