‘आम्हाला कोणी कामाला लावलं नाही’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एकाने लिहिलं होतं की देवधर्म, प्रार्थना हे सगळे रिकाम्या माणसाचे उद्योग, ज्याच्या हाताला काम आहे त्याला देव आठवायला वेळ कुठे असतो. मला राग नाही आला. उलट ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जाईना, कारण मी स्वतः रिकामा माणूस होतो, चांगली काही वर्षं, आणि त्या रिकामपणातच मला जे मिळालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही म्हणून हे पत्र.

मी गोव्यातल्या डिचोलीचा. ख्रिश्चन, पण शिक्षण मराठी शाळेत, घरी कोकणी, पेपर मराठी. माझे दोन ट्रक होते, खनिजाचे. खाणीवरून माल भरायचा, जेटीवर ओतायचा, परत फिरायचं, दिवसाला किती ट्रिपा झाल्या त्यावर माझा दिवस चांगला की वाईट ते ठरायचं, दुसरा कसला हिशोब मला माहीतच नव्हता. सप्टेंबर 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. मग मधे थोड्या चालू झाल्या, जरा आशा लागली, आणि 2018 ला सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केल्यावर मार्चमध्ये परत सगळं ठप्प. एक ट्रक मिळेल त्या भावाला विकला, दुसरा घरासमोर उभा, टायरखाली गवत वाढलेलं. बँकेचे हप्ते वेगळेच. पण खरं सांगू, पैशांपेक्षा जास्त त्रास कशाचा व्हायचा, तर सकाळी साडेचारला जाग यायची, इतक्या वर्षांची सवय ना, आणि उठून करायचं काय हे कळायचं नाही. नुसता पलंगावर बसून राहायचो. बायको विचारायची चहा टाकू का, तर तिच्यावर खेकसायचो. आमच्या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत त्या वर्षांत हेच चाललं होतं, ज्यांनी बघितलंय त्यांना जास्त सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जात नव्हतास का. जात होतो की, दर आयताराला. पण आमच्यातले बरेच बाप्ये जातात तसा, म्हणजे सर्मांव, पाद्रींचं प्रवचन, सुरू झाला की बाहेर येऊन मोटारसायकलींपाशी उभं राहायचं आणि संपला की आत. आईची श्रद्धा होती, तिची तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, एक दिवस चुकली नाही, घरातल्या अल्ताराची वात तिने कधी विझू दिली नाही, आणि मला वाटायचं तिचं आहे म्हणजे आपलंही आहेच, घरासारखं, वारशाने मिळालेलं. ती गेल्यावर कळलं की तसं नसतं. आईचं घर माझ्या नावावर झालं, आईची श्रद्धा झाली नाही.

2019 च्या कोरेज्मात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, मीस (चर्चमधला प्रार्थनाविधी) संपल्यावर आमच्या पाद्रींनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं बाहेर उभा राहतो म्हणून बोलणार. तर त्यांनी विचारलं, तुझ्याकडे ओम्नी आहे ना, तुमच्या वाड्यावरच्या आबांना आठवड्यातून दोनदा बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात डायलिसिसला न्यायचंय, मुलगा बाहेर असतो, बसने जाणं जमत नाही त्यांना. आबा हिंदू, आमच्या घरापासून चार घरं सोडून. नाही म्हणायला कारणच सापडलं नाही, वेळ नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार.

पहिल्या दिवशी पहाटे पाचला निघालो. आबांच्या घरकारणीने, म्हणजे बायकोने, एक स्टीलचा पेला बरोबर दिला, त्याला आतून खिळ्याने एक रेघ मारलेली, दिवसभरात या रेघेपर्यंतच पाणी, त्यावर एक घोट नाही. गाडीत आबा तो पेला दोन्ही हातांनी धरून बसायचे. एकदा परतीच्या वाटेवर त्यांनी शर्टाची बाही वर केली, डायलिसिससाठी मनगटाच्या वर शीर जोडतात ती दाखवली, म्हणाले, ‘हात लाय रे, पळय.’ मी गाडी बाजूला घेऊन बोट ठेवलं. आत भोवरा फिरावा तशी ती शीर भुणभुणत होती. माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस मी माझ्याच दुखण्याला कुरवाळत बसलो होतो आणि हा माणूस आठवड्यातून दोनदा आपलं रक्त यंत्रातून काढून परत भरून घेत होता, तेही कुरकुर न करता.

डायलिसिसला चार तास लागतात. तेवढा वेळ मी बाहेर बाकावर. मोबाईल बघून बघून किती बघणार, म्हणून एक दिवस घरात पडून असलेला मराठी नवा करार बरोबर नेला. मत्तयचं विसावं प्रकरण निघालं. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर नेतो, मग नऊला, बाराला, तीनला नेतो, आणि संध्याकाळी पाचला परत बाजारात जातो तर अजून काही जण उभेच. तो विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे आहात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामाला लावलं नाही. मालक म्हणतो, तुम्हीही जा माझ्या मळ्यात.

ही गोष्ट मी लहानपणापासून किती वेळा ऐकली असेल. पण त्या बाकावर मला ती पहिल्यांदा ऐकू आली. आम्हाला कोणी कामाला लावलं नाही, हे तर माझंच वाक्य, सात वर्षं मी हेच म्हणत होतो, सरकारला, कोर्टाला, कंपनीला, बायकोला. आणि हा जेजू, आमचा येशू, म्हणतो तूसुद्धा चल, आता चल, दिवस मावळायला आला तरी चल. मी रडलो तिथे, लाज वाटली नाही. कसलाही चमत्कार झाला नाही बरं का, आवाज नाही, उजेड नाही. मागच्या खुर्चीवर एक बाई डब्यातली पेज पीत होती, तिने मला पाण्याची बाटली दिली, बस.

त्यानंतर मी इगर्जीत आत बसायला लागलो. खूप वर्षांनी कुमसार केला, म्हणजे पाद्रींपुढे आपल्या पापांची कबुली दिली. सकाळी साडेचारला जाग आजही येते, पण आता त्या वेळी ‘आमच्या बापा’ म्हणतो आणि एकेकाचं नाव घेतो, ज्यांना त्या दिवशी न्यायचंय त्यांचं आधी. हप्ते लगेच फिटले नाहीत, दुसरा ट्रकही शेवटी विकावा लागला. श्रद्धा म्हणजे कर्जमाफी नव्हे, तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

2020 ला लॉकडाऊनमध्ये इगर्जी बंद, ईस्टरची मीस आम्ही घरात टीव्हीवर बघितली. पण डायलिसिस कसं थांबणार, पास काढून मी आबांना नेतच होतो, सगळा रस्ता रिकामा. वाटेत ते शिरगावच्या जत्रेचं सांगायचे, कितीतरी वर्षं ते लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रत पाळणारे भक्त, होते, बेत (वेताची काठी) हातात घेऊन आगीतून गेलेले. म्हणायचे तुमची म्हापशाची मिलाग्रीस सायबीण (मारिया माता) आमच्या लईराईची भयण (बहीण), मग आपण पावणेच झालो. मी त्यांना कधी माझ्या धर्मात ये म्हटलं नाही, त्यांनी मला नाही. पण डायलिसिसला आत जाताना ते म्हणायचे, तुझ्या जेजूक सांग रे म्हजे खातीर, आणि मी सांगायचो, मनापासून सांगायचो.

जुझे वाज सायबाची तसबीर आमच्या हॉलमध्ये कित्येक वर्षांची. बाणावलीचे, 2015 ला पोपनी संत जाहीर केलं, फेस्ताला हार घालायचो, तेवढंच. आता वाचलं तेव्हा कळलं की डच राजवटीत बंदी असताना हा माणूस भिकाऱ्याच्या वेषात श्रीलंकेत शिरला आणि कँडीत देवीची साथ आली, लोक घरच्यांना टाकून पळाले, तेव्हा याने ते रोगी सांभाळले, कोण कुठल्या धर्माचा ते न बघता. आता त्या तसबिरीसमोरून जाताना पाय थांबतो.

एक आणखी. मराठीत प्रार्थना कशी करतोस असं मला आमचेच लोक विचारतात. मूळचे इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स 1579 ला इथे आले आणि त्यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत लिहिली, 11 हजारांच्या आसपास ओव्या, 1616 ला रायतूरला छापली. देवाला त्याआधीही मराठी कळत होतीच.

त्या पत्र लिहिणाऱ्या वाचकाला एवढंच सांगायचंय, रिकाम्या माणसाला देव आठवतो हे तुमचं खरं, पण माझ्या बाबतीत त्या देवाने मला रिकामं ठेवलं नाही. आबा दोन वर्षांपूर्वी गेले. तो रेघ मारलेला पेला त्यांच्या घरकारणीने मला दिला, आता तो ओम्नीत असतो, सध्या साखळीकडची एक बाई आणि एक तरुण मुलगा आहे, दोघांना तोच पुढे करतो. आमच्या भागात अजून एक गाडी असती तर बरं झालं असतं, कोणाला जमत असेल तर आपापल्या गावच्या पाद्रींना किंवा आरोग्य केंद्रात विचारा, गरजू तिथे नक्की कळतील.

उद्या पाचला निघायचंय, म्हणून इथेच थांबतो.

आपला,
एक वाचक, डिचोली