गोधडीच्या कडेला लोकर: एका फेरीत भागत नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गोधडीच्या कडेला रंगीत लोकर ठेवून तिच्यावर मशीनचा झिगझॅग मारायचा, ही पद्धत शिवणवर्गांत आवडीने शिकवली जाते. कडेला लावायची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी कापण्याची आणि तुरपण्याची कटकट वाचते, हे खरेच. पण पुष्कळदा काम एकाच फेरीत उरकतात, आणि दोन-चार धुण्यांत थर कडेला उघडे पडतात. लोकर ही शोभा आहे, बांधणी नव्हे.

धावदोरा संपला की कडा गुण्या (काटकोनी पट्टी) लावून सरळ कापाव्यात आणि 3 मि.मी. आत साधी शिलाई घालून सगळे थर पकडावेत. मग पहिली फेरी, लोकरीशिवाय: झिगझॅग 4 मि.मी. रुंद, टाक्याची लांबी दीड. सुईचा उजवा ठोका कापडाच्या जेमतेम बाहेर पडायला हवा. दुसऱ्या फेरीत लोकर कडेला टेकवून रुंदी 5 आणि लांबी 2 ते अडीच करावी. डावा ठोका कापडात, उजवा लोकरीच्या पलीकडे. सुई लोकरीतच घुसत राहिली तर तिचे पदर सुटतात. जाड थरांना 16 नंबरची सुई लावावी. बारीक सुई वाकते, टाके सुटतात. बॉबिनला लोकरीच्याच रंगाचा दोरा भरावा, कारण ही कड दोन्हीकडून दिसते.

सगळ्यात जास्त बिघडते ते लोकर ओढल्याने. कड तिथल्या तिथे चुणते आणि नंतर काही केल्या सरळ होत नाही. गुंडा मांडीवर सुटा ठेवून बोटाने नुसती वाट दाखवावी. उलट कड लाटेसारखी फुगत असेल, तर टाके फार दाट आहेत किंवा मशीनच्या फुटाचा (कापड दाबून धरणाऱ्या पायाचा) दाब जास्त आहे. कोपऱ्यावर सुई आतल्या ठोक्याला रुतवून फूट उचलावा, गोधडी वळवावी आणि लोकर किंचित सैल सोडावी. सांधा कोपऱ्यात नको. तो बाजूच्या मध्यावर घ्यावा. टोके एकावर एक न चढवता भिडवावीत, नाहीतर तिथे उंचवटा राहतो.

90 बाय 60 सें.मी.च्या दुपट्याचा घेर 3 मीटर, म्हणजे साडेतीन मीटर लोकर पुरते. खरी लोकर गरम पाण्यात आटते, म्हणून अ‍ॅक्रिलिक किंवा सुती धागा बरा. लाल-मरून सुती धागा आधी भिजवून रंग जातो का ते बघावे. तान्ह्या बाळाला केसाळ लोकर लावूच नये, केस तोंडात जातात.

साध्या काळ्या मशीनवर झिगझॅग होत नाही. पिको-फॉलवाल्यांकडे होतो, पण त्यांचा टाका साडीच्या कडेसाठी अरुंद आणि दाट लावलेला असतो. तो रुंद करायला सांगावे लागते. रोज अंथरायच्या मोठ्या गोधडीला मात्र पट्टीच हवी. जुन्या लुगड्याचा काठ हाताशी असेल तर तोच वापरावा. त्याची वीण अंगच्या कापडापेक्षा घट्ट असते.

— एक शिवणशिक्षिका, सातारा