मलबारी चिंचेची कॅप्सूल आणि काट्यावरचा हिशेब

महोदय,

वजन घटवण्यासाठी मलबारी चिंचेचा, म्हणजे गार्सिनिया कंबोजियाचा अर्क मेडिकल दुकानांत आणि व्हॉट्सॲपवर विकला जातो. ‘कोकमाच्याच कुळातलं फळ, अपाय कसला?’ असं गिऱ्हाइकाला सांगितलं जातं.

या फळाच्या सालीत हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल असतं. पेशीत चरबी तयार करणारं एक विकर (एन्झाइम) ते अडवतं. उंदरांवर हे दिसलं, माणसांत मात्र गाडी अडली. १९९८ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या चाचणीत १३५ स्थूल व्यक्ती होत्या. १२ आठवडे दोन्ही गटांना सारखाच कमी उष्मांकाचा आहार होता. एका गटाला रोज १५०० मिलिग्रॅम आम्ल, दुसऱ्याला औषध नसलेली गोळी. अर्कवाल्यांचं वजन सरासरी ३.२ किलो घटलं, दुसऱ्यांचं ४.१! २०११ च्या एकत्रित आढाव्यात अर्काच्या बाजूने जेमतेम ०.८८ किलोचा फरक निघाला. फक्त काटेकोर चाचण्या धरल्या तर तोही टिकला नाही.

डबीसोबत बहुधा एक कागद येतो : शेवभाजी-भजी बंद, रात्री हलकं जेवण, रोज तासभर चालणं. कागद पाळा, डबी परत करा.

लेबलही नीट वाचा. ‘५०० मिलिग्रॅम अर्क, ६० टक्के’ म्हणजे आम्ल फक्त ३०० मिलिग्रॅम. दिवसाला दोन कॅप्सूल घेतल्या तर ६०० मिलिग्रॅम, म्हणजे निष्फळ ठरलेल्या मात्रेच्याही निम्म्याहून कमी. टक्केवारीच छापली नसेल तर हिशेबच होत नाही.

खरी काळजी यकृताची. हा अर्क घेणाऱ्यांत कावीळ, क्वचित यकृत निकामी होण्यापर्यंतच्या घटना नोंदल्या गेल्या आहेत. सोबत ग्रीन टीचा अर्क असेल तर धोका वाढतो, कारण तोही यकृताला बाधू शकतो. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, मळमळ किंवा अंगाला खाज सुरू झाली, तर कॅप्सूल त्याच दिवशी थांबवून एसजीपीटी आणि बिलिरुबिन या यकृताच्या रक्तचाचण्या कराव्यात. डबी डॉक्टरांना दाखवावी. गरोदर स्त्रिया आणि यकृताचे रुग्ण यांनी ती घेऊच नये. मधुमेहाच्या किंवा नैराश्याच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

१९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यात, ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करायला बंदी आहे त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे. म्हणून विक्रेते ‘हे औषध नव्हे, पूरक आहार’ म्हणतात. पण अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीलाही २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या जाहिरात विभागाने अशी जाहिरात घेण्याआधी १४ आकडी अन्न परवाना क्रमांक (एफएसएसएआय) मागावा, आणि दाव्यामागच्या चाचणीत औषध नसलेल्या गोळीचा गट होता का, तेही विचारावं.

– काही औषधनिर्माते (फार्मासिस्ट), अमळनेर (जि. जळगाव)